पंतप्रधानांच्या मुठीतली माती

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जमिनीचा विषय निघाला की एक फोटो हमखास समोर येतो. सुटातले पंतप्रधान गॉफ व्हिटलम एका वृद्ध गुराख्याच्या हातावर मूठभर लाल माती सोडताहेत. तारीख १६ ऑगस्ट १९७५. गुराखी म्हणजे गुरिंजी समाजाचे पुढारी विन्सेंट लिंगिआरी. मूळ कार्यक्रम मांडवाच्या सावलीत झाला होता. फोटो मनासारखा आला नाही, म्हणून मर्विन बिशप या छायाचित्रकाराने (तोही आदिवासीच) दोघांना बाहेर उन्हात आणलं आणि माती पुन्हा ओतायला लावली. फोटोतलं ते निळंशार आभाळ असं मिळालं.

त्या मातीमागे नऊ वर्षं होती. उत्तर ऑस्ट्रेलियातलं वेव्ह हिल हे गुरांचं अवाढव्य कुरण ब्रिटिश वेस्टी घराण्याच्या कंपनीकडे होतं. राबायला गुरिंजी. पीठ, चहा, साखर, मांस असा शिधा मिळे, पैसे नावापुरते. २३ ऑगस्ट १९६६ रोजी लिंगिआरींच्या मागे सुमारे दोनशे जण बायकापोरांसह चालते झाले. बाहेरच्यांना हा पगारवाढीचा संप वाटला. पुढच्या वर्षी मंडळी तिथल्याच डागुरागू या जागी जाऊन राहिली, गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, आणि अर्जात होती जमीन. अर्ज फेटाळला गेला.

कारण कायदाच तसा होता. १७८८ मध्ये इंग्रज वसाहत झाली तेव्हापासून हा भूभाग जणू बेवारस धरला गेला. सातबारा नाही, तर मालक नाही! उत्तर किनाऱ्यावरच्या यिरकाला इथल्या योल्ङु या आदिवासी लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर चित्रं काढून संसदेकडे अर्ज पाठवला, पुढे कोर्टातही गेले. १९७१ च्या निकालात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांच्या रीतिभातींना रीतसर कायदा म्हटलं. पण पुराव्यावरून जमीन कुळाची (म्हणजे एका वंशातल्या लोकांची) म्हणण्यापेक्षा कूळच जमिनीचं म्हणणं सोपं, असंही लिहिलं. म्हणजे मालकी शाबीत नाही. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत आले, नेमक्या त्याच गोष्टीवर दावा हरला. इतका अचूक आणि इतका उलटा निकाल क्वचितच वाचायला मिळतो.

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी (वेव्ह हिल आणि यिरकाला याच प्रदेशात) आदिवासी भूमी हक्क कायदा आला. ‘बेवारस जमीन’ ही समजूत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये, टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरचे एडी माबो यांच्या जमिनीच्या खटल्यात मोडीत काढली. निकालाच्या सुमारे साडेचार महिने आधीच माबो वारले होते.

आणि फोटोतली ती जमीन? १९७५ मध्ये हाती पडला तो तीन हजारांवर चौरस किलोमीटरचा फक्त भाडेपट्टा. डागुरागूची कायमची मालकी १९८६ मध्ये मिळाली, लिंगिआरींच्या मृत्यूआधी दोन वर्षं. ज्या वेव्ह हिलमधून ते बाहेर पडले, तिथला गुरिंजींचा पारंपरिक हक्क कोर्टाने २०२० मध्ये मान्य केला. गुरांचं कुरण मात्र चालूच आहे.