शिधावाटप, मुंबईतील

मुंबई शहर व उपनगरांत शिधापत्रिकेवर अधिकृत दुकानांतून ठरावीक मापाने व ठरावीक दराने धान्य पुरवण्याची शासकीय पद्धती. बोलीत ‘रेशन’ किंवा ‘रेशनिंग’. राज्यात इतरत्र ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात. मुंबईच्या सरकारी कागदांत मात्र ‘अधिकृत शिधावाटप दुकान’ हे नाव टिकून आहे. अन्य जिल्ह्यांत जिल्हा पुरवठा अधिकारी पाहतो ते काम मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात शिधावाटप नियंत्रकाकडे असते.

‘शिधा’ म्हणजे पाहुण्याला, पुरोहिताला वा नोकराला द्यायची डाळ, तांदूळ, पीठ, मीठ अशी कोरडी सामग्री. हा शब्द संस्कृत ‘सिद्ध’वरून आला असे सामान्यतः सांगतात. पण सिद्ध म्हणजे शिजून तयार, आणि शिधा तर शिजवायचा असतो. म्हणून काहींनी ‘असिद्ध’ हे मूळ धरून आरंभीचा ‘अ’ गळाला असे मानले आहे. हिंदीतील ‘सीधा’ही न शिजवलेल्या धान्याचाच वाचक आहे. अर्थाच्या कसोटीवर हे दुसरे मत अधिक पटते.

आरंभाच्या वर्षाबद्दल एकवाक्यता नाही. सार्वजनिक वितरण व्यवस्थेवरील पुष्कळ लेखनात मुंबईतील प्रारंभ १९३९ चा दिला जातो. त्या वर्षी महायुद्ध सुरू होताच प्रांतिक सरकारांना भावनियंत्रणाचे अधिकार मिळाले, हे खरे. परंतु भाव बांधून देणे वेगळे आणि माणशी वाटा ठरवून तो पत्रिकेवर देणे वेगळे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबईला या तांदळाची सवय होती, शिवाय शहराच्या वेशीत शेत नाही. मे १९४३ मध्ये पत्रिकेवरील वाटप सुरू झाले, आणि शिधावाटपाची सुरुवात काटेकोर अर्थाने येथूनच धरणे योग्य. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे व प्रौढास रोज सुमारे एक पौंड धान्य मिळावे, ही सरकारने धान्यधोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीची शिफारस त्याच वर्षीची, पण मुंबईतील आरंभानंतरची. १९३९ चा उल्लेख एका लेखकाकडून दुसऱ्याकडे गेला असावा.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठली, १९४८ मध्ये पुन्हा आली आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना टप्प्याटप्प्याने सैल झाली. पुढे पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नसाहाय्य कायद्याखाली अमेरिकन गहू आला. १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलो (आयात केलेली तांबडी ज्वारी) जुन्या मंडळींना अजून आठवते, चवीमुळे नव्हे. त्याच सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईत लाटणे मोर्चे निघाले.

१९९७ मध्ये व्यवस्था लक्ष्याधारित झाली, म्हणजे सवलतीचा रोख गरीब कुटुंबांकडे वळला. १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी पत्रिका आहेत. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत पिवळी, त्यापुढे एक लाखाच्या आत केशरी, एक लाख व त्यावर पांढरी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय म्हणजे अतिगरीब कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्राधान्य कुटुंबासाठी शहरी उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे आणि घरातले एक माणूस नियमित कामावर जाणारे कुटुंब कागदोपत्री सहज या रेषेच्या वर जाते. त्यामुळे एकाच चाळीत शेजारच्या दोन केशरी कार्डांपैकी एकावर धान्य मिळते आणि दुसऱ्यावर नाही. फरक आतल्या ‘प्राधान्य कुटुंब’ या शिक्क्याचा.

पोषणाच्या अंगाने पाहता ५ किलो म्हणजे माणशी रोज सुमारे १६७ ग्रॅम धान्य. ग्रेगरी समितीचा पौंड ४५४ ग्रॅमचा होता. डाळ व तेल यांचा कायद्याने हक्क नाही. ती अधूनमधून किंवा सणाला मिळतात. उदाहरणार्थ २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत दिलेला रवा, चणाडाळ, साखर व पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’. भाजी, दूध, अंडी, मासळी ही सारी खरेदी बाजारावर सोडलेली आहे आणि महागाईत कात्री प्रथम तिलाच लागते. पोट भरणे आणि पोषण होणे यांत धान्यवाटपाने फरक केलेला नाही.

पत्रिकेचे मोल धान्यापुरते नाही. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि १ जानेवारी १९९५ किंवा पुढे २००० ही निर्णायक तारीख ठरल्यावर जुने कार्ड जपून ठेवणे हा घर राखण्याचाच भाग झाला. कार्डावर माल न उचलणारी कुटुंबेही म्हणून ‘नाव चढवायला’ शिधावाटप कार्यालयात रांग लावत. आता पॉस यंत्रावर, म्हणजे दुकानातील विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, अंगठा द्यावा लागतो. भांडी घासून किंवा बांधकामावर बोटे झिजलेल्यांचा ठसा कधीकधी उमटत नाही, तेव्हा दुसरे बोट, मग दुसरा सभासद, मग दुसरा दिवस. परप्रांतीय कामगारास आपल्या गावच्या कार्डावर येथे धान्य घेता यावे, ही सोय महाराष्ट्र व गुजरात यांच्यात ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली व नंतर देशभर पसरली.

पूरक व्यवस्थांपैकी आरे दुग्ध वसाहत (१९४९), १९७५ पासून खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी संघटित केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ आणि २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी उल्लेखनीय आहेत.