लाल यादीतील ‘असुरक्षित’ वर्ग : एक पाकट, एक भेक

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ ही नामशेष होण्याच्या वाटेवरची पहिली पायरी. तिच्यापुढे ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’. पायरी मोजून ठरते, पण सगळ्यांना एकच माप लागत नाही.

हिंदी व पॅसिफिक महासागरांत वावरणारे रीफ मांटा हे पाकट ‘असुरक्षित’ आहे. पसरलेल्या पंखांची रुंदी सहज तीन मीटर भरते. एवढ्या दूरवर पसरलेल्या माशाला क्षेत्रफळाचे माप निरुपयोगी, म्हणून त्याचा हिशेब पिढ्यांत होतो: 10 वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात 30 टक्के घट, आणि घटीचे कारण अजून चालूच. मादी वर्षभर गाभण राहते, बहुधा एकच पिल्लू देते आणि दोन वेतांत काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे कल्ल्यांच्या व्यापारासाठी होणारी थोडी मासेमारीही तिला झेपत नाही.

कोयना भेकाचे दुखणे जागेचे. सोमण यांनी 1963 मध्ये कोयना परिसरातून त्याचे वर्णन केले. 2009 मध्ये त्याला आंबोलीच्या भेकासह झँथोफ्राइन या नव्या गटात घातले गेले. कुशीवरचे पिवळे डाग ही दोघांचीही खूण. पावसाळ्यात खडकांवर साचलेल्या उथळ डबक्यांत मादी अंडी घालते. पावसाने दडी मारली की डबके आटते आणि पिल्लांचा खेळ संपतो.

‘असुरक्षित’ ठरायला आढळक्षेत्र 20,000 चौ. किमीपेक्षा कमी लागते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून त्याच्या किंचित आतच भरतात. ‘संकटग्रस्त’साठी हद्द 5,000, म्हणजे निम्मा सातारा. अर्थात नुसते क्षेत्र लहान असून भागत नाही. अधिवासाची घसरण, मोजकी किंवा तुटक ठिकाणे अशा अटीही जुळाव्या लागतात. 2004 च्या मूल्यांकनात हा भेक ‘संकटग्रस्त’ ठरला, म्हणजे मांटाच्याही पुढे. अवाढव्य पाकटाची चर्चा जगभर होते, भेकाची कोयनेच्या पाटण तालुक्यातही फारशी नाही.

उपायही त्यामुळे वेगळे. मांटाच्या व्यापारावर साइट्स या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात 2013 मध्ये नियंत्रण मंजूर झाले. भेकाला गिऱ्हाईकच नाही. त्याच्यासाठी जमीन राखावी लागते. कोयना अभयारण्य 1985 पासून आहे, 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या खडकांना मात्र त्याचे कवच मिळत नाही.