हृदयातील पुनःप्रवेश

हृदयातील पुनःप्रवेश : हृदयाच्या स्नायूतून गेलेली विद्युत् लहर विझून न जाता वळसा घालून पुन्हा त्याच जागी येते आणि तिथला स्नायू नव्याने उत्तेजित करते, या घटनेला पुनःप्रवेश म्हणतात. लहर अशी फिरत राहिली की प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणाऱ्या धडधडीमागे बहुधा हेच कारण असते.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील (वरच्या कप्प्यातील) साइनस नोड या ठोके सुरू करणाऱ्या गाठीतून मिनिटाला ६० ते १०० वेळा लहर निघते, अलिंदांत पसरते, अलिंद व निलय यांना जोडणाऱ्या एव्ही नोड या गाठीत जराशी रेंगाळते आणि निलयांत (खालच्या कप्प्यांत) उतरते. एकदा उत्तेजित झालेली पेशी सुमारे पाव सेकंद दुसऱ्या कोणत्याही लहरीला दाद देत नाही. त्यामुळे लहरीला मागे फिरायला वाट उरत नाही आणि सगळा स्नायू पालथा घातल्यावर ती संपते.

आता झडपेच्या कड्याभोवती किंवा जुन्या व्रणाभोवती डावी-उजवी अशा दोन वाटा आहेत असे समजा. एरवी लहर दोन्ही वाटांनी जाते, पलीकडे दोन्ही लहरी समोरासमोर येतात आणि विझतात. पण एखादा ठोका वेळेआधी पडला आणि तेव्हा डावी वाट अजून सावरलेली नसली, तर लहर फक्त उजवीकडून जाते. ती पलीकडे पोहोचेपर्यंत डावी वाट मोकळी झालेली असते. मग लहर त्या वाटेने उलटी वर येते आणि चक्र सुरू होते. अडथळा एकाच दिशेला आणि तात्पुरता असणे, हे या घटनेचे मर्म आहे.

मात्र कडे पुरेसे मोठे हवे. वर्तुळाकार रुळावरची गाडी इतकी लांब असेल की इंजिन गार्डच्या डब्याला जाऊन भिडेल, तर ती धावू शकणार नाही. लहरीच्या या ‘गाडी’ची लांबी म्हणजे तिचा वेग गुणिले स्नायूचा सावरण्याचा काळ. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर लांबी १२.५ सेंमी. भरते, हृदयात एवढी जागा सहसा मिळत नाही. आजारी स्नायूत वेग ०.१ मीटरवर आला की तीच लांबी २.५ सेंमी. होते, आणि एवढे कडे एखाद्या व्रणाभोवतीही सापडते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर उरलेला व्रण वर्षानुवर्षांनीही घातक ठरतो तो यामुळेच. १९८९ मध्ये अमेरिकेतील ‘कास्ट’ या औषधचाचणीने डॉक्टरांना हादरवले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे जादा ठोके कमी केले, पण मृत्यू वाढले. ही औषधे लहरीचा वेग मंदावतात, म्हणजेच गाडी आखूड करतात, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे.

या कल्पनेचा उगम हृदयात नाही, जेलीफिशमध्ये आहे. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जेलीफिशच्या ऊतीचे कडे कापून घेतले होते. ठोके निर्माण करणारी इंद्रिये काढून टाकलेल्या त्या कड्यात लहर एकाच दिशेने फिरत राहिली. जॉर्ज राल्फ माइन्स या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये प्राण्यांच्या हृदयातून कापलेल्या कड्यांत तेच दाखवले आणि एक कसोटी घालून दिली : कडे एका ठिकाणी कापा, ठोके थांबले तरच ते पुनःप्रवेशाचे. एकाच बिंदूतून ठोके निघत असतील तर दूरवर घेतलेल्या छेदाने ते थांबणार नाहीत. माइन्स १९१४ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी वारले. आजचे अब्लेशन (लहरीची वाट असलेला स्नायू जाळून निकामी करणे) म्हणजे त्यांचीच कसोटी उपचार म्हणून वापरणे होय, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

अलिंद व निलय यांना जोडणारा जादा धागा असेल तर अशी चकरी तयार होऊ शकते, हेही माइन्स यांनी सुचवले होते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये ११ रुग्णांचे जे वेगळे ईसीजी नोंदवले, त्यांचे मूळ अशा धाग्यात निघाले. धडधडीच्या वेळी लहर बहुधा एव्ही नोडमधून खाली उतरते आणि धाग्यातून वर चढते. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी शस्त्रक्रियेने असा धागा कापला. आता तेच काम मांडीच्या शिरेतून नेलेल्या कॅथेटरच्या (बारीक लवचीक नळीच्या) टोकाची उष्णता करते. चकरीत एव्ही नोड असेल तर श्वास कोंडून जोर करणे किंवा शिरेतून झटकन दिलेले अडेनोसिन हे औषध त्या नोडमधली वाट क्षणभर बंद करते आणि धडधड तिथल्या तिथे थांबते.

अलिंद फडफडीत (अलिंदांच्या अतिजलद पण नियमित ठोक्यांत) लहर बहुधा उजव्या अलिंदात ट्रायकस्पिड झडपेभोवती मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या मारते. एव्ही नोड त्यांतली दर दुसरी खाली सोडतो, म्हणून नाडी १५०च्या आसपास लागते.

अलिंद कंपनात (अलिंदांच्या अनियमित थरथरीत) मात्र असे ठरलेले कडे सापडत नाही. अनेक लहरी भटकतात, फुटतात, पुन्हा जुळतात. वॉल्टर गॅरी यांनी १९१४ मध्ये दाखवल्याप्रमाणे हे टिकायला स्नायूचा पुरेसा मोठा तुकडा लागतो. डीफिब्रिलेटर या यंत्राचा विजेचा झटका बहुतेक सगळा स्नायू एकाच वेळी उत्तेजित करतो. मग लहरींना पुढे जायला जागाच राहत नाही. कंपनात कुठे कापायचे हा प्रश्न बराच काळ अडून राहिला. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल आइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कंपन पेटवणारे ठोके बहुधा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांतून निघतात. तेव्हापासून त्या शिरांच्या मुखाभोवती अब्लेशनचे कुंपण घातले जाते.