काळी, पांढरी आणि माळव्यातलं घर
माळव्याच्या काळ्या मातीत गहू जोमाने येतो, भिंत मात्र टिकत नाही. ही चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावरचा पाया तिच्यासोबत हलतो. जुन्या मराठी दप्तरांत गावची जमीन दोन नावांनी येते: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरीत पडक्या भिंतीची माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंत घालता येई. उरलेली शेतात खत म्हणून जाई. टाकून द्यायचं असं फारसं काही उरतच नसे.

ही रीत किती जुनी? महेश्वरसमोर, नर्मदेच्या दक्षिण काठावर नावडातोली आहे. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली: लाकडी खांब, मातीने लिंपलेले कूड, चुन्याने सारवलेली जमीन. सारवण्याचा हा हात आपल्या आज्यांपर्यंत चालत आला, असं मला वाटतं.

होळकरांच्या इंदुरात दगड आणि सागवान आलं. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या दंगलीत त्याचा बराच भाग जळाला. खेड्यात मात्र माती, बांबू आणि कुंभाराची कवेलू. (शहरातली मराठी घरं ‘कौलं शाकारायची’, गावकरी ‘कवेलू फेरायचे’, काम एकच, पावसाआधीचं.) मंगळुरात १८६५मध्ये बासेल मिशनने चपट्या कौलांचा कारखाना काढला. ती कौलं इकडे पोचली तेव्हा त्यांना ‘इंग्रजी कवेलू’ म्हणू लागले आणि कुंभाराची आपोआप ‘देशी’ झाली.

मातीला खरा धक्का दिला तो सरकारी कागदावरच्या एका शब्दाने. २०११च्या सामाजिक-आर्थिक गणनेत कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली एखादीच खोली ही वंचिततेची खूण ठरली. २०१६पासूनच्या ग्रामीण आवास योजनेचं उद्दिष्टच ‘पक्कं घर’. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या माणसाने ते का नाकारावं? दरवर्षीचं लिंपण बायकांच्या माथी होतं, तेही सुटलं. पण त्याबरोबर भिंत घालणारे हात गेले, कुंभाराची भट्टी विझली, आणि सागाचं लाकूड तर आधीच परवडेनासं झालं होतं.

तरी पुढे स्लॅबचं घर आणि मागे कवेलूची एक जुनी खोली, असं दृश्य अजून दिसतं. वैशाखातल्या दुपारी खाट तिथेच पडते.