इंटरनेट वाहतूक-व्यवस्थापन : नियमन आणि सोलापूरचे लघुउद्योग

सेवादाता आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या डेटाला क्रम, वेग किंवा मर्यादा लावतो, त्याला वाहतूक-व्यवस्थापन म्हणतात. त्यावरील कायदेशीर बंधने ‘नेट समानता’ या नावाने ओळखली जातात.

उगम : ‘नेट न्यूट्रॅलिटी’ (म्हणजेच नेट समानता) ही संज्ञा कायद्याचे अभ्यासक टिम वू यांच्या २००३ च्या लेखामुळे रूढ झाली. सर्व डेटाला सारखी वागणूक देण्याचे तत्त्व मात्र जुने आहे. काही अभ्यासक ते सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांच्या १९८०च्या दशकाच्या प्रारंभीच्या ‘एंड टू एंड’ मांडणीत शोधतात : जाळे साधे ठेवावे, शहाणपण दोन्ही टोकांना असावे. इतर जण सार्वजनिक वाहतूकदाराच्या कर्तव्यापर्यंत, म्हणजे सर्वांचा माल भेदभाव न करता नेण्याच्या बंधनापर्यंत, मागे जातात. अमेरिकेच्या १८६० च्या तार कायद्यात, सरकारी संदेशांचा अपवाद वगळता, तारा आल्या त्या क्रमाने निःपक्षपातीपणे पाठवण्याचे बंधन होते; भारताच्या १८९० च्या रेल्वे कायद्यातही एखाद्या गिऱ्हाइकाला अवाजवी झुकते माप देण्यास मनाई होती. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहता हा दुसरा धागा अधिक पटतो, कारण वाद मुळात मालवाहतुकीचाच आहे.

भारतातील नियम : दूरसंचार नियामक ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास बंदी केली, दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींवरून २०१८ मध्ये सेवादात्यांच्या परवान्यांच्या अटी बदलल्या आणि मजकूर अडवणे, मंदावणे वा त्याला अग्रक्रम देणे निषिद्ध ठरले. वाजवी व्यवस्थापनाला मुभा आहे, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे. विशेषीकृत सेवा (ठरावीक कामासाठी खास दर्जा लागणाऱ्या) आणि सीडीएन (मजकुराच्या प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी यंत्रणा) या चौकटीबाहेर आहेत. व्यवस्थापन-पद्धतींवर लक्ष ठेवणारी बहुपक्षीय संस्था ट्रायने २०२० मध्ये सुचवली.

सोलापुरातील परिणाम : चादर-टॉवेलचे यंत्रमाग, गणवेश शिवणारे कारखाने आणि पेठांतल्या पेढ्या यांची अडचण बहुधा भेदभावाची नसते, सामायिक जोडणीची असते. ‘लिमिट संपली’ म्हणजे ठरलेला डेटा संपल्यावर लागणारी वेगावरची मर्यादा सर्व मजकुराला सारखीच लागते, म्हणून कायदेशीर ठरते. फटका मात्र अपलोडला बसतो. चादरींच्या ४० डिझाइन्सचे प्रत्येकी ४ एमबीचे फोटो न आकसता, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर एकूण १६० एमबी होतात. १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट; एक बाइट म्हणजे आठ बिट) अपलोडवर ते सव्वादोन मिनिटांच्या आत जातात, २ एमबीपीएसवर पावणेअकरा मिनिटे घेतात. त्या वेळात त्याच लाइनवरचे व्हिडिओ कॉल तुटू लागतात. राउटरवर अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५–९० टक्क्यांवर बांधला की हे बरेच कमी होते.

कारखान्यातला सीसीटीव्ही घरून दिसत नसेल तर राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असल्यास एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमार्फत कॅमेऱ्याकडे वळवणे) चालणार नाही; स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायम सार्वजनिक पत्ता, घेणे हा एक उपाय. पान उघडते पण फाइल चढताना अडकते, हा दोष पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी ब्रॉडबँड जोडणी) या पद्धतीतल्या पॅकेटच्या १४९२ बाइटच्या मर्यादेमुळे येऊ शकतो. राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी) १४५२ ठेवल्यास तो सुटतो. मोठ्या कंपन्यांचे व्हिडिओ झपाट्याने चालतात आणि दुकानाची स्वतःची वेबसाइट रेंगाळते, यामागे सहसा सेवादात्याकडे ठेवलेला सीडीएनचा साठा असतो. असमान वागणूक इथेच खरी जाणवते, आणि नियम नेमके इथेच गप्प आहेत.

पडताळणी : वायफाय सोडून केबलने, सकाळी ११ आणि रात्री ९ ला वेग मोजावा. रात्री सगळेच मंदावले तर ती गर्दी. एकच अॅप मंद आणि व्हीपीएनवर (डेटा सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) तेच सुरळीत, असे दोन-तीन दिवस घडले तर मुद्दाम मंदावल्याचा संशय घेता येतो. तो पुरावा नव्हे, कारण व्हीपीएनने मार्गही बदलतो.

दाद : आधी सेवादात्याकडे तक्रार करून डॉकेट (तक्रार-नोंद) क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते. दूरसंचार तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. स्वतः राबून पोट भरणाऱ्या दुकानदाराला सवलत मिळते. कामगार लावून चालवलेल्या कारखान्याच्या जोडणीवर आक्षेप येऊ शकतो.