सपाट दगड आणि घोटलेला दगड

वस्तऱ्याला धार लावायचा दगड हातात आला की माणूस आधी त्यावरून अंगठा फिरवतो. काचेसारखा लागला की म्हणतो, झाला तयार. मीही तेच केलं होतं. जुना काळा आर्कान्सा दगड, म्हणजे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला, तोंड दिसेल इतका चकचकीत. त्यावर लावलेल्या वस्तऱ्याची दोन्ही टोकं केस छान काढायची, मधला इंचभर मात्र गालावर ओढायचा. पंधरा दिवस मी वस्तऱ्यालाच दोष देत होतो. मग एकदा स्टीलची पट्टी दगडावर आडवी, कडेवर उभी धरली आणि मागे दिवा लावला. पट्टीखालून मधोमध उजेडाची बारीक चंद्रकोर दिसली. दगड घोटलेला होता, पण सपाट नव्हता.

सपाट असणं हा आकाराचा गुण, घोटलेलं असणं हा पोताचा. पोत बोटाला लगेच कळतो, आकार पट्टी लावल्याशिवाय कळत नाही. बोट आपल्याला सहज फसवतं ते त्यामुळेच.

आपल्या घरातला पाटा आठवा. वाटून वाटून गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकते, मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. मध्ये थोडा खोलगट झाला तरी कुणाची तक्रार नसते, खरखर गेली की मात्र काम अडतं. वस्तऱ्याच्या दगडाचं दोन्ही बाबतींत नेमकं उलटं.

चाकूला धार लावताना कोन आपला हात धरतो, त्यामुळे दगड थोडा झिजलेला असला तरी मनगट सांभाळून घेतं. वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. त्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही टेकलेल्या असतात. कोन पात्याच्या घडणीतच ठरलेला, हाताला सावरायला जागा नाही. दगड मध्ये खोल असेल तर पातं दोन कडांवर पुलासारखं टेकतं आणि मधल्या धारेला दगड लागतच नाही.

सपाट करायचं काम हमालीचं आहे, पण सरळ आहे. जाड काच ओल्या वर्तमानपत्रावर ठेवायची म्हणजे ती सरकत नाही. चमचाभर कार्बोरंडम पावडर (दगड घासायची कठीण भुकटी), थोडं पाणी, आणि दगडाचं तोंड खाली करून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा. त्याआधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून घ्यायच्या. जिथल्या रेघा टिकतात तिथे खड्डा आहे. सुरुवात १२० नंबरने, मग २२०, ४००, ६००. आकडा वाढतो तशी पावडर बारीक होते. दर नंबरनंतर दगड, काच, हात, सगळं धुवायचं, नाहीतर १२० चा एक कण राहून ६०० वर लांबलचक ओरखडा काढतो. सुट्या पावडरीने काचही झिजते, त्यामुळे तीच काच वर्षानुवर्षं सपाट राहील असं धरू नये. दगडाच्या कडाही थोड्या गोलसर करून घ्याव्यात. धारदार कोपऱ्यावरून पातं उतरलं की धारेचा तुकडा उडतो.

हे सगळं ओल्यातच करायचं. आर्कान्सा म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. वाळलेली धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाला बाधते. चिखल सिंकमध्ये न ओतता बादलीत बसू द्यावा.

आता घोटणं. इथे दगडाची जात आडवी येते. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, हॉट स्प्रिंग्जच्या आसपासच्या डोंगरांत मिळणारा हा दगड नोव्हॅक्युलाइट. लॅटिनमध्ये ‘नोव्हॅक्युला’ म्हणजे वस्तराच. गारगोटीच्याच जातीचा, इतका घट्ट की वापरताना कण सुटत नाहीत. पोलाद खरवडतात ती त्याच्या पृष्ठभागाची बारीक टोकं. त्यामुळे एकच दगड २२० वर सोडला तर भराभर कापतो, ६०० वर नेऊन घोटला तर धारेला नुसता हात फिरवल्यासारखं करतो. घोटायला वेगळं काही लागत नाही. दगडावर तेल टाकून पटाशीची सपाट पाठ दाबून घासत राहायचं. आवाज करकर असतो तो सरसर होतो, मग जवळजवळ बंद पडतो.

बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोटिक्यूल वेगळ्या वळणाचा. मऊ दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म दाणे. पाणी टाकून छोट्या दगडाने घासलं की दुधासारखा गाळ निघतो आणि कापायचं काम बरंचसं तो गाळ करतो. नंतर थेंबथेंब पाणी घालून तो पातळ करत न्यायचा. असा दगड घोटत बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण दर वेळी गाळ काढला की वरचा थर निघतोच. सपाट मात्र त्यालाही करावा लागतो, आणि मऊ असल्याने अधिक वेळा.

चकाकीतही एक खोटी चकाकी असते. जुनं तेल आणि पोलादाचा कीस दगडाच्या छिद्रांत बसून वाळतो आणि वर झिलई येते. घोटलेला दगड धारेला किंचित का होईना पकडतो. या झिलईवर पातं नुसतं घसरतं. रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलं की खरा पोत दिसतो.

क्रम चुकवू नये. आधी घोटून मग सपाट केलं तर घोटण्याची सगळी मेहनत काचेवरच्या चिखलात जाते. माझ्या काळ्या दगडाला चार संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी मधली पेन्सिलीची रेघ पुसली गेली, तेव्हा दगड राखाडी आणि निस्तेज दिसत होता, घरच्यांना वाटलं मी तो बिघडवला. त्याच दगडावर, अजून घोटायच्या आधी, वस्तरा लावून पाहिला. दाढी जराशी खरखरीत झाली, पण पातं पहिल्यांदाच टोकापासून टोकापर्यंत सारखं चाललं.