साडेचार हजार लिटरचं गणित

सांगलीत एखाद्या वखारीला आग लागली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बंब आला, पण पाणीच संपलं!" बोलणाऱ्याचा सूर आरोपाचा असतो. पण पाणी संपणारच होतं. शहरात दिसणाऱ्या मोठ्या बंबाची टाकी साधारण ४५०० लिटरची. एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर सोडले तर ती १० मिनिटांत रिकामी, दोन नळ्या लावल्या तर ५ मिनिटांत. अग्निशमन केंद्रातली निम्मी साधनं या दहा मिनिटांच्या काळजीपोटी तिथे आहेत म्हणा ना.

इतक्याशा पाण्यात आग विझते ती उष्णतेच्या हिशेबाने. १ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे २९० किलोज्यूल उष्णता घेतं. त्याच पाण्याची वाफ होताना आणखी २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. याचा अर्थ, आगीवर पडून नुसतं गरम होऊन गटाराला लागलेलं पाणी रुपयातलं जेमतेम दोन आणे काम करून गेलं. उरलेले चौदा आणे वाफेत आहेत.

म्हणून नळीच्या टोकाचं तोंड, म्हणजे नोझल, नीट बघावं. त्याला एक फिरतं कडं असतं. एका बाजूला पिळलं की सरळ धार, दुसरीकडे पिळलं की पाण्याची छत्री उघडल्यासारखा फवारा. बारीक थेंबांचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्यांची वाफ पटकन होते. धार मात्र लांब जाते आणि ढिगात घुसते. शिवाय १ लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती ज्वाळेजवळची हवा बाजूला सारते, पण बंद खोलीत तीच उलटून जवानाला भाजते. त्यामुळे धुराला आणि वाफेला बाहेर पडायची वाट करून दिल्याशिवाय आत फवारा मारणं धोक्याचं. नोझल धरणं हेही एकट्याचं काम नाही. पाणी ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने सुटतं आणि तितक्याच जोराने मागे रेटतं. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर नळीत नुसत्या पाण्याचं वजन ४७ किलो होतं. ते ओढत जिना चढायचा असतो.

पोत्यांची आग मात्र या हिशेबाला दाद देत नाही. हळदीची, मिरचीची, पेंडीची थप्पी वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १५-१६ टक्क्यांपर्यंत उतरला की बहुतेक ज्वाळा मालवतात, पण निखाऱ्यासारखं धुमसणं त्याहून कमी ऑक्सिजनवरही चालू राहतं. अशा वेळी आकड्या आणि फावडी पंपाइतकीच कामाची ठरतात. पोतं न् पोतं ओढून, फोडून भिजवावं लागतं. मालकाला ते बघवत नाही, हेही खरं. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या बंद पोटात ऑक्सिजन कमी होत जातो, त्यामुळे किडीला थारा नसतो. पण त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर माणसाने आत उतरायचं नसतं.

धुराने भरलेल्या वखारीतही तीच अडचण, वर विषारी वायूंची भर. जवानाच्या पाठीवर जो सिलिंडर दिसतो त्यात ऑक्सिजन भरलेला असतो असा सर्रास समज आहे. त्यात असते साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा. आगीच्या तोंडाशी शुद्ध ऑक्सिजन नेणं म्हणजे आगीला जेवायला वाढणं. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने (नेहमीच्या हवेच्या सुमारे ३०० पट) सुमारे १८०० लिटर हवा मावते. कष्टाचं काम करताना माणूस मिनिटाला ४० लिटर हवा सहज ओढतो, म्हणजे कागदावर ४५ मिनिटं. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजू लागते. तेव्हा हातातलं काम तसंच टाकून बाहेर यायचं.

आता टाकी परत भरण्याचं. कृष्णा गावाला लागून वाहते, मग पंप लावून खेचायला काय हरकत? हरकत हवेच्या दाबाची आहे. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण नळीतली हवा काढल्यावर बाहेरचा हवेचा दाबच पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला तो पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे ९.७ मीटरच्या आसपास. गळती आणि घर्षण धरता ७ मीटरच्या पुढे भरवसा नाही, पंप कितीही दणकट असो. आणि नदी तर कुठल्या कुठे जाते! आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा याच जवानांच्या हाती नळीऐवजी बोटीची दोरी होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उंच काठावर बंब उभा करून काही उपयोग नाही. हलका पंप उचलून पाण्याशी न्यावा लागतो.

सांगली-तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याच्या शीतगृहांत पाण्याला वेगळंच काम असतं. अनेक शीतगृहांच्या यंत्रणेत अमोनिया फिरतो. त्याची गळती झाली की फवारा मारतात तो वायू धरायला. २० अंशांना १ लिटर पाण्यात सुमारे ७०० लिटर अमोनिया विरघळतो, त्यामुळे पाण्याचा पडदा उभा केला की ढग तिथेच बराचसा अडतो. एक पथ्य मात्र कडक: जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचं नाही. तो उणे ३३ अंशांना उकळतो. त्याच्या मानाने आपलं नळाचं पाणी कढतच, आणि ते पडताच वायूचा लोट दुप्पट जोमाने उठतो. बघ्यांनी अशा वेळी वाऱ्याला आडवं होऊन दूर जावं. मोबाइल वर धरून पुढे सरकणारे दिसले की खरोखर राग येतो.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तर साधा फोमही, म्हणजे आगीवर पसरायचा फेसही, फसतो. इथेनॉल हे अल्कोहोलच, ते त्यातलं पाणी शोषून फेसाचा थर मोडून टाकतं. त्याच्यासाठी वेगळा, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. तो द्रवावर आधी एक चिवट पापुद्रा धरतो आणि त्यावर फेस तरंगत राहतो. भर दुपारी इथेनॉलची फिकट निळी ज्वाळा डोळ्यांना धड दिसतही नाही, म्हणून उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा असेल तर आधी तो लावून आग नेमकी कुठवर पसरली आहे ते पाहतात आणि मगच फोम सोडतात.